खुर्ची धरून ठेवणारी बाई

२१ डिसेंबर १९३६ रोजी अमेरिकेतील आयडाहो राज्यात सन व्हॅली हे स्कीइंगचे ठिकाण उघडले आणि त्यासोबत जगातील पहिली चेअरलिफ्ट, म्हणजे तारेला टांगलेल्या खुर्च्यांतून माणसे उतारावर वर नेणारी यंत्रणा, सुरू झाली. ते ठिकाण उभारणाऱ्या रेल्वे कंपनीच्या ज्या इंजिनियरने ती आखली, त्याला कल्पना सुचली होती ती केळीचे घड जहाजात चढवणाऱ्या यंत्रावरून. एवढे नोंदलेले आहे. घड आकड्याला लागला की काम झाले. माणसाला मात्र मागून येणाऱ्या खुर्चीवर नेमक्या क्षणी बसावे लागते, आणि खुर्ची कोणासाठी थांबत नाही. नव्या लिफ्टमध्ये ती तळाशी आपोआप मंदावते. जुन्या लिफ्टच्या तळाशी एक माणूस उभा असतो. तो येणारी खुर्ची हाताने पकडतो, क्षणभर मागे ओढून धरतो, बसणाऱ्याच्या गुडघ्यामागे अलगद टेकवतो आणि सोडून देतो. मग पुढची.

मोंटानाच्या वायव्य कोपऱ्यातील लार्च गॅप या लहानशा टेकडीवर वीसहून अधिक हिवाळे हे काम मार्व्हा टोलेफसन हिने केले. उन्हाळ्यात ती वनखात्याच्या रोपवाटिकेत रोपे बांधी आणि पहिला बर्फ टिकला की टेकडीवर येई. तिला हे काम आवडत होते, असे म्हणायला आधार नाही. ती स्वतः विचारल्यावर म्हणे, "आवडायचं काय त्यात? खुर्ची येते, धरायची. लोक बसतात, जातात. संध्याकाळी हात कोणाचा तरी दुसऱ्याचाच वाटतो." पण दुसऱ्या कोणाला तिने ती जागा कधी घेऊ दिली नव्हती, हेही तितकेच खरे.

लार्च गॅप शनिवार-रविवारीच चालते. लांबचे लोक तिकडे फिरकत नाहीत. त्यांच्यासाठी मोठ्या टेकड्या आहेत. इथे येतात ती आसपासच्या गावांतली घरे, आजोबांपासून तान्ह्यापर्यंत. स्की दाराबाहेर बर्फात खोचून ठेवायच्या, कुलूप लावायचे नाही. लॉजच्या भिंतीवर विजेच्या प्लगांची रांग आहे, आणि कोणता प्लग कोणत्या घराचा हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. सकाळी प्रत्येक घर आपले मंद आचेचे भांडे तिथे लावून वर जाते. दुपारी ओल्या मोज्यांच्या वासात राजमा-खिम्याच्या चिलीचा आणि दालचिनीच्या रोलचा वास मिसळलेला असतो. लहान पोरे पायथ्याशी, उभ्याउभ्याच वर नेणाऱ्या सरकपट्ट्यावर शिकतात. ती जरा मोठी झाली की मार्व्हाच्या रांगेत येतात, आणि पहिल्या वेळी तिला घट्ट पकडतात. त्यातल्या कित्येकांची आता स्वतःची पोरे तिला घट्ट पकडत होती.

तिचा उजवा खांदा एका वर्षी नाताळानंतर बिघडला. आधी नुसता ठणका होता, मग बोटांतली पकडच ढिली पडू लागली. ती डाव्या हाताने खुर्ची धरू लागली. त्यासाठी चुकीच्या बाजूला उभे राहावे लागे आणि खुर्ची थोडी तिरकी येई. जानेवारीत एका मुलीच्या मांडीवर खुर्ची जोरात आपटली. मुलीच्या वडिलांनी वर जाता जाता मान वळवून मार्व्हाकडे पाहिले. टेकडीचा व्यवस्थापक कर्टिस हा तिच्याहून वीस वर्षांनी लहान आणि भला माणूस. त्याला सांगितले असते तर त्याने तिला त्याच दिवशी भाड्याच्या बुटांच्या खिडकीत बसवले असते. म्हणून तिने सांगितले नाही. कामाचा कंटाळा आला होता आणि काम सुटण्याची धास्तीही होती. दोन्ही एकाच खांद्यावर घेऊन ती शनिवारी सकाळी पुन्हा उभी राही.

ऑरिन बेलँड हा त्र्याऐंशी वर्षांचा, लाकडाच्या गिरणीतून निवृत्त झालेला माणूस. टेकडीवर दर रविवारी येणाऱ्यांत सर्वांत म्हातारा. उतारावर त्याचे पाय अजून बरे चालत. उतार निम्मे काम करतो. त्याला जमेनासे झाले होते ते बसणे. मान मागे वळत नव्हती, येणारी खुर्ची दिसत नव्हती, आणि गुडघे वेळेवर वाकत नव्हते. हे त्याने कोणाला सांगितले नव्हते. मार्व्हाने तीन हिवाळ्यांपूर्वी आपणहून ओळखले होते. त्याची पाळी आली की ती लिफ्ट मंद करी, खुर्चीवरचा बर्फ झाडी आणि ती इतरांपेक्षा दुप्पट वेळ रोखून धरी, इतकी की ऑरिनला फक्त मागे टेकायचे उरे. दुरून पाहणाऱ्याला म्हातारा आपला आपण बसला असेच दिसे.

या विषयावर दोघांत एक शब्दही झालेला नव्हता. तो रांगेत पुढे येऊन म्हणे, "माझी गाडी धुतलीस का गं पोरी?" साठी ओलांडलेली मार्व्हा झाडू आपटत म्हणे, "धुतली. पेट्रोल तुमचं तुम्ही भरा."

फेब्रुवारीच्या सुरुवातीला ऑरिनची मुलगी जोलीन दुपारच्या सुट्टीत मार्व्हापाशी आली. तिच्या हातात कागदी वाडग्यात चिली होती.

"खा. आणि माझं एक काम कर. बाबांना सांग की नियम बदललाय. ऐंशीच्या वर लिफ्ट नाही."

"असा नियम नाहीये."

"अगं मला माहितीये नाहीये! कर्टिसला विचारून आले मी. तो म्हणतो, जो आपला आपण बसतो आणि आपला आपण उतरतो, त्याला अडवता येत नाही. बाबा बसतात की आपले आपण, तूच तर दर रविवारी बघतेस."

मार्व्हाने वाडग्यात चमचा फिरवला. त्यांना बसवते ती मी, हे इथे सांगता आले असते. तिने चिलीचा घास घेतला.

"गेल्या आठवड्यात अंगणात पडले," जोलीन म्हणाली. "अंगणात, मार्व्हा! सपाट जमिनीवर! आमचं कोणाचं ऐकत नाहीत. माझं ऐकलं तर मिशी गळून पडेल त्यांची. तुझं ऐकतील."

"मी खुर्च्या धरते, जोलीन. खोटं बोलायला दुसरं माणूस ठेवा."

"मग वरून पडले की काय करायचं?"

"तेव्हा मी खालीच असेन," मार्व्हा म्हणाली. उत्तर बरे नव्हते हे तिलाही कळले. जोलीन वाडगा तिथेच सोडून गेली.

त्या रात्री, आणि पुढचे सगळे दिवस, मार्व्हाच्या डोक्यातून एकच गोष्ट जाईना. नियमाप्रमाणे म्हाताऱ्याने तीन हिवाळे लिफ्टवर बसायलाच नको होते. तो बसत होता, कारण तिचा हात बसवत होता. आणि आता तो हात राहिला नव्हता. खरे सांगितले तर ऑरिनचे स्कीइंग संपणार आणि तिची जागाही जाणार. गप्प राहिले तर एखाद्या रविवारी खुर्ची तिच्या बोटांतून सुटून त्याच्या कमरेत बसणार.

तो पुढचाच रविवार निघाला. बर्फ ओला, जड. खुर्च्यांवर साचून त्यांचे वजन वाढलेले. ऑरिनच्या पहिल्या फेरीला मार्व्हाने दोन्ही हातांनी खुर्ची धरली, तरी ती अर्ध्या वाटेत सुटली. खुर्ची त्याच्या कुल्ल्यावर आदळली, तो तिरका होऊन आत पडला आणि टोपी डोळ्यांवर आली तशीच घेऊन वर गेला. पडला नाही, एवढेच. थोड्या वेळाने तो पुन्हा रांगेत दिसला. टोपी सरळ केलेली होती.

"माझी गाडी धुतलीस का?"

मार्व्हाने त्याच्यापुढे हात आडवा धरला आणि मागच्या दोन मुलींना पुढे जाऊ दिले.

"ऑरिन, जरा बाजूला या."

"का? पास बघायचाय? तीस वर्षं तोच चेहरा आहे, फक्त सुरकुत्या जास्त."

"माझा खांदा गेलाय. खुर्ची धरवत नाही मला."

ऑरिनने तिच्याकडे पाहिले, मग लॉजच्या खिडकीकडे. खिडकीत जोलीन होती. ती दर रविवारी तिथे असे, पण ते आता सांगून उपयोग नव्हता.

"काय दिलं तुला तिने? रोलपण दिला, का नुसत्या चिलीवर भागवलं?"

"तिने सांगितलं होतं. मी नाही म्हटलं होतं."

"आणि आज हो म्हणतेयस."

"आज मी माझं सांगतेय. तिचं नाही."

"दोन्हीचा शेवट एकच ना? म्हातारा खाली बसला, सगळे सुटले." त्याने काठी बर्फात रुतवली. "थेट सांगितलं असतंस तर बरं वाटलं असतं. हे खांद्याबिंद्याचं कशाला?"

तीन हिवाळ्यांत मार्व्हा या माणसाशी एकदाही खोटे बोलली नव्हती, आणि आज तिचे खरे तंतोतंत जोलीनने मागितलेल्या खोट्यासारखे ऐकू येत होते. तिने वाद घातला नाही. पुढची खुर्ची रिकामी येत होती. तिने उजवा हात पुढे केला आणि दांडा पकडला. खुर्चीने तिला दोन पावले ओढत नेले, बोटे उघडली, आणि ती कमरेत वाकून तशीच उभी राहिली. खुर्ची भेलकांडत खांबाला घासून वर गेली.

ऑरिनने काठी बर्फातून उपसली.

"नाटक बरं करतेस," तो म्हणाला. पण आवाज आधीसारखा नव्हता.

मागून एक पोरगा ओरडला, "आजोबा, चला ना पुढे!"

"घाई असेल तर बाजूने जा, बाळा. मी अजून मेलेलो नाही."

"मी लिफ्ट थांबवते," मार्व्हा म्हणाली. श्वास अजून लागत होता. "पूर्ण थांबवते. तुम्ही सावकाश बसा."

"लिफ्ट थांबवायची ती रडणाऱ्या पोरांसाठी. आणि मढ्यांसाठी."

"मग खांदा गेलेल्या बाईसाठी थांबवली असं समजा."

तो हलला नाही. ओला बर्फ त्याच्या खांद्यांवर साचत होता. शेवटी त्याने मान वर न करताच म्हटले, "थांबव."

तिने लाल बटण दाबले. मोटर बंद पडली आणि सबंध उतारावर एकदम शांतता झाली. वरपर्यंत खुर्च्या जागच्या जागी झुलू लागल्या आणि त्यांतली माणसे माना वळवून खाली पाहू लागली. लार्च गॅपवर लिफ्ट थांबली की कोण पडले ते आधी पाहतात.

"मार्व्हा, डोळा लागला काय गं?" जवळच्या खुर्चीवरून कोणीतरी हाक दिली.

"कोण पडलं?" त्याच्या वरून दुसरा आवाज.

"कोणी नाही!" मार्व्हा ओरडली. "माझ्यामुळे थांबलीये! माझा हात गेलाय!"

हे कर्टिसला ऐकू जाणार हे तिला ठाऊक होते. गेलेही, तो कोट न घालताच बाहेर आला. तोवर ऑरिन खुर्चीत बसायच्या जागेवरच्या रेघेपर्यंत गेला होता. त्याने मागे हात नेऊन खुर्चीची कड चाचपली, हळूहळू गुडघे वाकवले आणि बसला. सगळी टेकडी बघत होती. मार्व्हाने त्याच्यापुढे खुर्चीची आडवी दांडी खाली केली आणि लिफ्ट सुरू केली. वर उचलला जाताना तो तिच्याकडे पाहत नव्हता.

"काय झालं?" कर्टिसने विचारले.

"खांदा."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

"मग बोलली का नाहीस?"

"विचारलं असतंस तरी खोटंच सांगितलं असतं." ती बाजूला झाली. "धर आता तू. आणि गुडघ्यामागे टेकव, कमरेत मारू नकोस."

कर्टिसने पहिल्याच जोडीच्या कमरेत मारली.

ऑरिन त्या फेरीला कसा उतरला याबद्दल एकमत नाही. जोलीन सांगते की तो उताराच्या मध्यावर झाडांच्या कडेला बराच वेळ उभा होता. कर्टिस म्हणतो, छे, तो एका दमात आला, मोठी मोठी वळणे घेत. खुर्च्या सुधारण्यात गुंतलेला कर्टिस वर कितीदा पाहू शकला असेल, हा प्रश्नच आहे. मार्व्हा तेव्हा लॉजमध्ये खांद्यावर बर्फाची पिशवी धरून बसली होती. तिने पाहिलेच नाही. तळाशी आल्यावर मात्र तो लिफ्टच्या रांगेकडे वळला नाही, यावर तिघांचेही एकमत आहे. त्याने स्की काढल्या, दाराबाहेर बर्फात खोचल्या, आत येऊन आपल्या घरच्या प्लगापाशी बसला आणि चिली वाढून घेतली.

"टोलेफसनबाईचा हात गेलाय," तो जोलीनला म्हणाला. "तिला डॉक्टरकडे जायला सांग."

पुढच्या रविवारपासून मार्व्हा बुटांच्या खिडकीत बसू लागली. लोक ओले बूट परत करत, ती ते सुकवण्याच्या नळ्यांवर उलटे लावी. मे महिन्यात तिच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली. हात वर जातो आता. खुर्ची धरण्याइतका नाही. ऑरिन त्या हिवाळ्यात शेवटपर्यंत येत राहिला, भिंतीपाशी बसून सगळ्यांची भांडी ढवळत. खिडकीसमोरून जाताना मार्व्हाशी हवापाण्याचे बोले. "ओलं आहे आज," तो म्हणे. "ओलंच आहे," ती म्हणे. लिफ्टचा विषय दोघांनी काढला नाही. ऑक्टोबरमध्ये तो झोपेतच गेला.

त्याचा मार्व्हावर विश्वास बसला होता की नाही, हे सांगता येत नाही. जोलीन ठामपणे म्हणते की बसला होता, नाहीतर डॉक्टरचे कशाला काढले असते. पण तसे मानणे तिला सोयीचे आहे. मार्व्हा म्हणते, नव्हता बसला. पण ती थकलेली असते तेव्हा हे म्हणते, आणि ती बहुधा थकलेलीच असते. तीन हिवाळे आपल्याला कोण बसवत होते हे ऑरिनला कळत होते का, आणि तो पुन्हा रांगेत आला नाही तो पायांमुळे, त्या थांबलेल्या लिफ्टमुळे, की तिच्या खांद्यामुळे, याबद्दल तो कोणापाशी एक शब्दही बोलल्याचे आढळत नाही.