शाल नको म्हणणारे काका

"सिस्टर, उद्या पाहुणे यायच्या आधी अंबादासकाकांना झोपेचं इंजेक्शन देऊन टाका की. मागच्यासारखा तमाशा नको." आमचे मॅनेजर बिराजदारसाहेब चहा सांगावा तसं सांगून मोकळे झाले.

माझं डोकंच फिरलं. सोलापूरच्या या वृद्धाश्रमात मी इन्चार्ज सिस्टर आहे. त्याआधीची सगळी नोकरी सरकारी हॉस्पिटलात गेली. इंजेक्शन कुणाला आणि कशासाठी द्यायचं, एवढं मला कळतं.

अंबादासकाकांना ऑटिझम आहे, म्हणजे स्वमग्नता. हे वेड नाही, जन्मापासूनची घडणच वेगळी. आवाज, स्पर्श, अचानक झालेला बदल त्यांना फार लागतो. काकांनी आयुष्यभर कारखान्यात टॉवेलच्या घड्या घातल्या, 'चक्रम' म्हणवून घेतलं, आणि निदान झालं म्हातारपणी. सांभाळणारा भाऊ गेला, तेव्हा पुतण्याने इथे आणून सोडलं.

आता तमाशा काय झाला होता, तेही सांगते. लोक घरचे वाढदिवस आमच्याकडे येऊन करतात. स्पीकर, केक, प्रत्येकाच्या खांद्यावर शाल, मग फोटो. त्या दिवशी काका कानांवर हात ठेवून "वद्दु, वद्दु" म्हणत होते. वद्दु म्हणजे तेलुगूत 'नको'. अर्ध्या सोलापूरला हे कळतं, पण त्या हॉलमध्ये कुणी लक्ष दिलं नाही. पाहुण्यांनी मागून येऊन शाल टाकली. काकांनी घाबरून ढकललं आणि पाहुणे केकवर जाऊन पडले.

"डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मी सुई टोचणार नाही," मी म्हणाले. "आणि फोटोसाठी कुठलाच डॉक्टर सांगणार नाही."

"मग पुतण्याला बोलवतो. घेऊन जाऊ दे घरी."

पुतण्याचा सगळा संसार एका खोलीत. काकांना परत नेणार नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं होतं. साहेबांना ते पक्कं माहीत होतं. त्याचीच जास्त चीड आली.

"बोलवा. काकांना का काढलं ते पाहुण्यांना मी सांगते. स्पीकरसाठी माणूस काढला म्हणून."

साहेबांनी हातातला फोन परत खिशात टाकला.

सकाळी मी खोल्याखोल्यांतून फिरले आणि प्रत्येकाला विचारलं, कार्यक्रमाला यायचंय का? काकांनी नको अशी मान हलवली आणि धुतलेल्या चादरींच्या घड्या घालायला निघून गेले. माळशिरसच्या मालनआजी म्हणाल्या, "मला बी नगं ती शाल. लई उकडतंय. पर आमाला आजवर इचारलं कुनी?"

हॉल अर्धा रिकामा. ज्यांना हौस होती ते मजेत बसले होते. वाढदिवस ज्या मुलीचा होता, तिच्या आईने विचारलं, "बाकीचे आजी-आजोबा?" मी खरं ते सांगितलं, की स्पीकर आणि शाल नको म्हणून ते आले नाहीत. तिचा चेहरा पडला. तिने स्वतः उठून स्पीकर बंद केला.

थोड्या वेळाने काका दारात येऊन उभे राहिले. मी समोरून, लांबूनच शाल दाखवली. "पाहिजे का, काका?" त्यांनी ती घेतली, काठाला काठ जुळवून घडी घातली, खुर्चीत बसून मांडीवर ठेवली आणि केक खाल्ला.

"बघा, शांत बसलेत की," साहेब म्हणाले. "उगाच भांडलात, सिस्टर."

मी केकच्या ताटल्या गोळा करायला लागले. तोंड उघडलं असतं तर नोकरी गेली असती.

आता आधी विचारायची पद्धत पडली आहे. मी रजेवर असले की विसरतात. स्पीकर बंद करायला बटण असतं. आमच्याकडे ते सोडून माणूस बंद करायला निघाले होते.