साडेतीनचा पाढा

सत्तर-एकाहत्तर साली मी वेल्ह्याच्या शाळेत मास्तर होतो. एकदा पुण्याहून एसटीने परतताना शेजारी एक पटकेवाले गृहस्थ बसले. मी मास्तर आहे हे त्यांनी विचारून घेतलं आणि गाडी सुटताच पुडीतली एक गोळी तोंडात टाकली.

"ही धाकट्या भावाची, डोस्कं शांत ठिवायची. घरची म्हंत्यात, गोळीनं त्यो पार ठोंब्या झालाय. म्हनलं, आपुनच खाऊन बगावं. मास्तर, तुमी मला साडेतीनचा पाढा इचारत ऱ्हावा."

मी खूश झालो. माझ्या वर्गात उत्तराला उशीर झाला की छडी ठरलेली. इथे फक्त छडी नव्हती. कात्रजपर्यंत त्यांची उत्तरं माझ्या प्रश्नाआधी येत होती. शिवापूरला ते आधी मिशीवरून हात फिरवू लागले. नसरापूरला मी "साडेतीन साते?" विचारलं, तर ते नुसते खिडकीबाहेर बघत राहिले.

"गोळी चढली वाटतं," मी म्हणालो.

"छ्या! मला काय बी झालं न्हाई."

अर्ध्या तासाने विंझर जवळ आलं तेव्हा त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि ठणकावलं, "साडेचोवीस!"

अख्खी गाडी हसली. तेही हसले, मग माझ्याकडे वळले.

"मास्तर, भावाला उत्तर येतंय की वो. आमीच तवर थांबत न्हाई."

थांब्यावर त्यांच्याच नाकाचा भाऊ न्यायला आला होता. "जेवलास का रं?" त्यांनी उतरता उतरता विचारलं.

कंडक्टरने घंटी मारली. मी वळून पाहिलं. भाऊ अजून बोलला नव्हता, आणि ते त्याच्यासमोर उभे होते, वाट बघत.