कात्रीच्या पात्याची अंगठी

दिवाळीनंतरचा दुसरा रविवार, सकाळ. विट्यात आमच्या परसातली पत्र्याची शेड. हजर: मी, माझी लेक, सासूबाई आणि धाकटे दीर. गैरहजर: आमचे हे. ऊसतोडीची टोळी आल्यामुळे शेतावर.

काम एकच होतं, लेकीच्या होणाऱ्या नवऱ्याची साखरपुड्याची अंगठी. मुलगा तासगावचा, द्राक्षबागेतला. त्याला सोनं नको होतं. त्यानं आजोबांच्या छाटणीच्या कात्रीचं पातं लेकीच्या हातात दिलं आणि लेकीनं परस्पर शब्द देऊन टाकला: तुझ्याकडचं पोलाद, माझ्या लहानपणच्या वाळ्यांची चांदी, थरावर थर बसवून एकच अंगठी.

दिरांनी काम मागून घेतलं. त्यांचा जन्म दक्षिणेत गलाईच्या दुकानात गेला. दागिना वितळवायचा, सोनं वेगळं, चांदी वेगळी, उरलेलं फेकून द्यायचं. आता दुकान मुलाकडे देऊन ते गावी आलेत, भट्टी आणि तेजाबाचं म्हणजे ॲसिडचं भांडं तेवढं बरोबर घेऊन, आणि दिवसभर त्याला फोनवरून दुकान शिकवतात.

"लोखंडाची अंगठी साडेसातीवाले घालत्यात," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "साखरपुड्यात कुणी घालतंय व्हय?"

"आजी, साडेसाती लग्नानंतर लागणारच हाय त्याला. आधीच घातलेली बरी," लेक म्हणाली.

पातं तापवून, ठोकून दिरांनी पातळ पट्ट्या केल्या होत्या. मी त्या आणि चांदीच्या पट्ट्या घासून लख्ख केल्या. बोट लागलं की पुन्हा घासायचं, हा माझा नियम. मग एक पोलाद, एक चांदी अशी चळत रचून तारेनं आवळली आणि भट्टीत ठेवली. चांदीला घाम फुटल्यासारखी चकाकी आली तसे दीर ओरडले, "आता दाबा, वैनी!" मी शिकंजा आवळला. गार झाल्यावर कडेला कानस मारली. काळी रेघ, पांढरी रेघ, काळी रेघ. सासूबाई उठून बघायला आल्या.

"लुगड्याच्या काठासारखं दिसतंय गं," त्या म्हणाल्या. ही त्यांची परवानगी.

आता अंगठी वळवायच्या आधी तुकडा फक्त लिंबाच्या पाण्यात घालायचा होता, म्हणजे पोलाद काळवंडून रेघा उठून दिसल्या असत्या. वाटी मी भरून ठेवली होती. तेवढ्यात दिरांना मुलाचा फोन आला. फोन कानाला, नजर छताकडे, आणि तोंडानं, "तसं न्हाई रं, आधी तेजाबात टाक, मग बघ." बोलता बोलता त्यांच्या हातानं आमचा तुकडा उचलला आणि तेजाबाच्या भांड्यात सोडला. सवयीनं.

तांबूस धूर निघाला तेव्हा लेक किंचाळली. "काका! ती अंगठी हाय!"

चिमट्यानं बाहेर काढला तेव्हा तुकड्याचं जाळं झालं होतं. दिरांनी फोन बंद केला. "घाबरू नका. चांदी कुठं जात न्हाई." त्यांनी ते जाळं पुन्हा भांड्यात सोडून पुरतं विरघळू दिलं आणि मग त्यात तांब्याची पट्टी टाकली. जेवणं होईस्तोवर तळाशी चांदीचा करडा चुरा जमला. वितळवून त्यांनी वाळ्यांची चांदी जवळजवळ सगळी परत दिली.

"आणि लोखंड?" लेकीनं विचारलं.

दीर भांडं बाजूला सारत म्हणाले, "लोखंड परत काढायला मला आजवर कुणी सांगितलंच न्हाई, बाळा."

उरलंय ते पात्याचं मुठीकडचं बोटभर टोक. त्यातून एकच पट्टी निघेल. म्हणजे आता दोन्हीकडे चांदी आणि मधे एक काळी रेघ. तीही बिघडली तर मग काहीच नाही. तेजाब मी गोठ्यात नेऊन ठेवलंय. दिरांनी स्वतः होऊन फोन माझ्याकडे जमा केलाय.

हे सगळं तासगावला सांगायला हवं, नवी पट्टी तापवायच्या आधी. पातं त्याच्या आजोबांचं, तेव्हा हो-नाही त्यानंच म्हणायचं. लेक म्हणते काकांनी सांगावं. दीर म्हणतात हे काम वैनीच नीट करतात. सासूबाई म्हणतात, "मी बोलते की, लावा फोन," आणि तेवढं मात्र आम्ही तिघांनीही होऊ दिलेलं नाही. संध्याकाळ झाली, भट्टी पेटवलेली आहे, फोन अजून कुणी केलेला नाही.