आमचाच फोटो, दुसऱ्याचं नाव

नवऱ्याचं लिव्हर बदलायचं ठरलं, तेव्हा मदतीचं आवाहन मीच इंटरनेटवर टाकलं. तो नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात सुपरवायझर. दिराचं लिव्हर जुळत होतं, पैसा जुळत नव्हता. चेहरा दिसला तरच लोक देतात, असं कोणीतरी सांगितलं. तो झोपलेला असताना मी त्याचा फोटो काढला आणि अमरावती-अकोल्याच्या सगळ्या ग्रुपवर पाठवला. खाली माझा नंबर आणि पैसे पाठवायचा क्यूआर कोड.

आठवड्याभरानं अकोल्याहून मावसबहिणीचा फोन आला. "ताई, भाऊजींचा फोटो दुसऱ्याच नावानं फिरून राहिला. क्यूआर कोडही दुसराच आहे."

मी पाहिलं. तोच फोटो, तीच उशी, नाव भलत्याचंच. सायबर पोलिसांत तक्रार दिली, पण तोवर माझ्याच पोस्टखाली लोक लिहू लागले होते : फसवे आहेत, पैसे देऊ नका. मदत थांबली. फोन थांबेनात. एक जण एवढंच म्हणाला, "घर माहीत आहे तुमचं." मी दिवसाही दाराला कडी घालू लागले.

एका दुपारी फाटकाशी मोटरसायकल थांबली. खिडकीतून पाहिलं, तर अनोळखी माणूस.

"मी तिवशावरून आलो. कारखान्यात पत्ता विचारला. पाचशे रुपये टाकले होते. मले पेशंट पाहाचा आहे."

सासूबाई आतून कडाडल्या, "काहून? तमाशा आहे का तो?"

तेवढ्यात नवराच भिंतीला धरून आला. कडी त्यानंच काढली. "या. पाहून घ्या."

त्या माणसानं त्याचे पिवळे डोळे पाहिले, फुगलेलं पोट पाहिलं आणि मान खाली घातली. "माफ करा, दादा. दोन पोस्ट पाहिल्या, खरं कोणतं समजेच ना. तुमचा व्हिडिओ काढू का? मी सांगतो लोकाईले."

मी नको म्हणणार होते. पुन्हा तो चेहरा बाहेर जाईल, पुन्हा कोणी चोरेल.

"काढा," नवरा म्हणाला. मग माझ्याकडे पाहत, "हा विचारून तरी काढून राहिला."

मी खुर्ची ओढून नवऱ्याला बसवलं.

त्या व्हिडिओनं मदत पुन्हा सुरू झाली. खोटी पोस्ट कोणी टाकली, ते पोलिसांना अजून सापडलेलं नाही. ऑपरेशन नागपूरला झालं. दोघे भाऊ ठीक आहेत, असं डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, तेव्हा सासूबाईंनी माझा हात धरला. संध्याकाळपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.