कर्नल शिंदे यांचा डावा हात

मिथिला, आदित्य,

गेल्या रविवारी फोनवर मिथिला म्हणाली, "अज्जी, मी आता छत्तीसची. नवीन काही शिकायचं वय गेलं. डोकं आहे तसंच राहणार." त्याचं उत्तर द्यायला एक माणूस डोळ्यांपुढे उभा करावा लागतो. ते फोनवर जमत नाही, म्हणून लिहिते आहे.

तेव्हा मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये कॅप्टन होते. पोस्टिंग म्हैसुरात, आपल्याच गावी. आमच्या मिलिटरी हॉस्पिटलचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल शिंदे. तेही आपल्यासारखेच, जुन्या म्हैसूर फौजेतल्या मराठी घरातले, वय पन्नाशीला टेकलेलं. सर्जन म्हणून नाव होतं. मग जीपच्या अपघातात उजव्या हाताची नस तुटली. जखम भरली, पण अंगठा आणि दोन बोटं कायमची बधिर राहिली. मेडिकल बोर्डानं त्यांना ऑपरेशन थिएटरमधून काढून टेबलाच्या कामावर बसवलं.

त्यांनी डाव्या हाताला शिकवायला घेतलं. दाढी डाव्या हातानं, त्यामुळे हनुवटीवर रोज चिरा. सही डाव्या हातानं. ऑफिसातल्या लाकडी खुर्चीच्या हातावर काळ्या रेशमी दोऱ्यानं ते गाठी मारत, सर्जन विद्यार्थी असताना शिकतात तशा, एका हाताच्या. कुणी फाइल वाचून दाखवत असला तरी बोटं चालूच. हेडक्लार्क सुभेदार एकदा म्हणाले, "सर, खुर्ची आता कुठे पळून जात नाही."

"सांगता येत नाही, सुभेदारसाहेब. काल दोन गाठी सुटल्या."

घरी त्यांच्या आईंना मात्र हे खपत नव्हतं. एकदा मी जेवायला गेले होते. त्यांनी डाव्या हातानं भाताचा घास उचलला आणि आईंनी वाढणं थांबवलं. चिडल्या की त्यांच्या तोंडी कानडी येई.

"साकु रे, बास. पाहुण्यांसमोर डावा हात?"

"हा हात नवा रिक्रूट आहे, आई. लंगरमध्ये जेवायला पाठवावाच लागतो."

"मग तुझ्या रिक्रूटला सांग, खंडेनवमीला आजोबांच्या तलवारीला शिवायचं नाही."

कर्नल हसले आणि त्याच हातानं पुढचा घास घेतला.

त्या वर्षी कावेरीला पूर आला. प्रशासनानं लष्कराची मदत मागितली. म्हैसूरजवळ बन्नूरच्या एका शाळेत आमचा बेस लागला. इंजिनिअर्सच्या दोन बोटी गावांतून माणसं काढत होत्या. आमचा तरुण सर्जन पहिल्या बोटीनं सोसले गावाकडे गेला होता. कर्नल फक्त व्यवस्था पाहत होते. दुपारी रेडिओ वाजला.

"बेस, बोट टू. झाडाला धडक. एक कॅज्युअल्टी, मांडी फाटली आहे, रक्त थांबत नाही. नाईक थॉमस मिसिंग. ओव्हर."

"बोट टू, कॅज्युअल्टी आणा. बोट वन, सर्जनला परत पाठवा. ओव्हर."

"बेस, बोट वन. इंजिन बंद. अंधार पडायच्या आत येणं शक्य नाही. ओव्हर."

म्हैसूरचा रस्ता पाण्याखाली होता.

कॅज्युअल्टी म्हणजे इंजिनिअर्सचा जवान, सॅपर बसवराज, वय एकवीस. आम्ही त्याला वर्गातल्या दोन बाकांवर घेतलं. मी जखमेत बोटं दाबून धरली होती. जरा सैल केली की रक्त उसळे. त्याचे ओठ पांढरे पडत चालले होते. बोर्डाच्या हुकुमाप्रमाणे कर्नलांनी सुरीला हात लावायचा नव्हता. त्यांनी बाह्या वर केल्या.

"सिस्टर, मी सांगेपर्यंत बोटं काढू नका."

"येस, सर."

उजव्या हाताच्या मुठीनं त्यांनी जखमेची कड दाबून धरली. त्या हाताला तेवढंच जमत होतं. डाव्या हातानं क्लॅम्प आत गेला. मग दोरा. पहिली गाठ घसरली. कर्नल स्वतःच्या हाताकडे पाहून हळूच म्हणाले, "पुन्हा."

दुसरी गाठ बसली. त्यांनी तिच्यावर आणखी दोन मारल्या.

"आता काढा."

मी बोटं काढली. जखम कोरडी राहिली.

नोकरीत मी पुष्कळ चांगले हात पाहिले. पण जो हात वर्षापूर्वी शर्टाचं बटण लावू शकत नव्हता, त्याच्याकडे मी त्या दिवशी देवळात पाहावं तशी पाहत राहिले. पन्नाशीच्या माणसानं तो रोज थोडा थोडा घडवला होता, तोही आमच्या डोळ्यांदेखत, आणि आम्ही त्याची थट्टा करत होतो.

बसवराजचा पाय वाचला. नाईक थॉमसचा देह पाणी ओसरल्यावर सापडला. बोट आदळली तेव्हा त्यानं बसवराजला आत ढकललं होतं आणि स्वतः बाहेर फेकला गेला. तो त्यांच्यातला सगळ्यांत चांगला पोहणारा होता.

खंडेनवमीला कर्नलांनी मला घरी बोलावलं. तलवारीशेजारी त्यांची सर्जरीची हत्यारं मांडली होती. आईंनी तलवारीला कुंकू लावलं, हत्यारांना लावलं. मग म्हणाल्या, "आण तुझा रिक्रूट." कर्नलांनी डावा हात पुढे केला. आईंनी मनगटावर कुंकू लावलं आणि तलवार त्याच हातात दिली. कर्नल म्हणाले, "पहिलं फूल थॉमसचं, आई." आईंनी ते तलवारीच्या मुठीवर वाहिलं.

रिटायर झाल्यावर, एकसष्टाव्या वर्षी, मी पोहायला शिकले. का, ते तुम्हाला आता कळेल.

कर्नल गेले, त्यांच्या आई गेल्या. खंडेनवमीला पहिलं फूल मी नाईक थॉमसच्या नावानं वाहते, दुसरं कर्नलांच्या. ऑफिस सोडताना कर्नलांनी मला दिलेली ती खुर्ची म्हैसुरातल्या विजयनगरच्या घरात माझ्या खिडकीशी आहे. तिच्या हातावरच्या गाठी अजून घट्ट आहेत.