एक्सप्रेसबाई पाकोळीच्या गाण्याला जातात

डॉक्टर लोक पेशंटला तपासून झालं की यंत्रात बोलून ठेवतात. काय दुखतंय, कुठे सुजलंय, कुठली गोळी किती वेळा. ते ऐकून टाइप करायचं, हे एक्सप्रेसबाईंचं काम. कानाला हेडफोन, बोटं कीबोर्डवर आणि टेबलाखाली पायाशी एक पेडल. दाबलं की डॉक्टर बोलायला लागणार, सोडलं की गप्प. एक्सप्रेस हे नाव ऑफिसनेच ठेवलेलं. शेजारणीचा एक मूतखडा संपेपर्यंत यांचे दोन मूतखडे आणि एक हर्निया हातावेगळा झालेला असे.

"अहो, जरा दमानं," सुपरवायझर म्हणे. "पेशंट तरी बरा होऊ द्या."

गंमत अशी, की आत्ता काय टाइप केलंत असं विचारलं तर बाईंना सांगता येत नसे. शब्द कानातून थेट बोटांत उतरत. मध्ये डोक्याला तोशीस नाही.

घरी त्या आणि सतरा वर्षांची लेक, दोघीच. लेकीचा बाबा गेल्या वर्षी दुसऱ्या शहरात राहायला गेला. भांड्याला भांडं न लागू देता, अगदी कपबशासुद्धा वाटून घेऊन दोघं वेगळे झाले. आणि या उन्हाळ्यापासून लेक बोलेनाशी झाली. रुसली वगैरे नव्हती. विचारलं की उत्तर मिळे.

"जेवलीस?"

"हो."

"पेपर कसा गेला?"

"बरा."

"अगं, काही झालंय का?"

"कुठे काय."

तेवढ्यावर घर चाललं होतं, आणि एक्सप्रेसबाईंचा जीव मेटाकुटीला आला होता. काहीही करून पोरीला बोलतं करायचं, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं.

पाकोळीची मैफल हा त्यावरचा त्यांचा उपाय. पाकोळी म्हणजे गिटार गळ्यात अडकवून स्वतःची गाणी स्वतः लिहून गाणारी मुलगी. लेक तिच्यावर जीव टाकायची. बोलणं आटण्याआधी तिनेच आईला पेन ड्राइव्हवर सगळी गाणी भरून दिली होती. "पहिलंच ऐक, 'चावी'. नीट ऐक हं. मग आपण बोलू." ऑफिसात मोबाइल दाराशीच जमा करावे लागत, म्हणून बाईंनी पेन ड्राइव्ह कामाच्याच मशीनला लावला. संध्याकाळी चपला काढायच्या आत, दारातच नाचत, त्या लेकीला म्हणाल्या, "काय धमाल गाणं आहे गं! हात नुसते पळत होते."

लेक त्यांच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "बरं."

या 'बरं'चा पुढच्या गप्पपणाशी काही संबंध असेल, हे बाईंच्या स्वप्नातही आलं नाही. त्यांनी पाकोळीचा ध्यासच घेतला. दोन रिपोर्टांच्या मध्ये एक गाणं, जेवणाच्या सुट्टीत चार. घरी मात्र कधी लावलं नाही, नाही तर लेकीला वाटलं असतं, आई आपल्या मागावर आहे. करता करता त्या खरोखरच पाकोळीच्या नादी लागल्या. कसली चपळ पोरगी! एका दमात किती बोलते! आणि गावात तिचा कार्यक्रम आहे म्हटल्यावर त्यांनी दोन तिकिटं काढून लेकीच्या उशीवर ठेवली.

"तू येणार?" लेक म्हणाली.

"का? मी काय तिची दुश्मन आहे?"

आपणहून बोलली की, बाईंनी मनात म्हटलं. लागू पडतंय औषध.

मैदानावर पोचल्यावर मात्र त्यांची पंचाईत व्हायला लागली. मनगटावर कागदी पट्टी बांधून घेतली, दारावरच्या बाईने पर्स चाचपली, एक्सप्रेसबाईंनी भांडूनही पाण्याची बाटली काढून ठेवली. आत बघतात तर सगळे उभे.

"खुर्च्या अजून मांडायच्यात का?"

"आई, उभं राहूनच ऐकतात."

"शेवटपर्यंत?"

लेकीने डोळे फिरवले. पलीकडे गालांना चमकी लावलेली एक मुलगी होती. ती म्हणाली, "काकू, पाय दुखले तर माझ्यावर रेला खुशाल."

दिवे मालवले गेले, एकच आरोळी उठली आणि पाकोळी आली. पहिल्या सुरालाच बाईंनी गाणं ओळखलं आणि त्या मोकळ्या गळ्याने गायला लागल्या. दुसरी ओळ म्हटली, तिसरी म्हटली, आणि बघतात तर पाकोळी अजून पहिल्याच ओळीत. त्या थांबल्या. वाट पाहिली. पुन्हा सुरू केलं. पुन्हा या पुढे, मैदान मागे.

"काकू," चमकी म्हणाली, "तुम्हाला कुठली गाडी पकडायचीये?"

पुढच्या रांगेतला एक दाढीवाला मागे वळून हसला. बाईंनी नुसत्या टाळ्यांनी ठेका धरला. त्याही सगळ्यांच्या आधी पडायला लागल्या. त्यांनी हात खाली घेतले आणि लेकीच्या कानाशी लागल्या.

"हिला बरं नाहीये का गं?"

"कुणाला?"

"पाकोळीला. ताप असणार. किती ओढतेय बघ."

"आई, ती अशीच गाते."

अशीच? बाईंना काही सुधरेना. शब्द तेच, चालही तीच, पण ओळखीचं माणूस रस्त्यात भेटावं आणि त्याने अनोळखी नजरेने बघावं, तसं चाललेलं. दुसरं गाणं तसंच, तिसरं तर जागचं हलायला तयार नाही. त्यात आजूबाजूची माणसं डोळे मिटून डुलताहेत. बाईंच्या मते ही नाचायची गाणी. आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या कार्यक्रमाला आलो की काय, अशीही शंका त्यांना चाटून गेली.

मग पाकोळी म्हणाली, "आता 'चावी'." मैदान चिडीचूप. लेकीने हाताची घडी घातली आणि मान खाली केली.

*चावी ठेवलीये खिडकीत, दिवा घेतलाय मालवून,
तू उठू नकोस, मी निघते, बूट हातात घेऊन…*

एकेक शब्द सावकाश येत होता. मध्ये एवढी जागा, की त्यात माणसाने नुसतं उभं राहावं. चमकीचे गाल ओले झाले.

"का गं रडतेस?"

"सोडून चाललीये ना ती."

"कोण? सहलीला ना चाललीये?"

"सहलीला?" चमकी रडता रडता थांबली. "काकू, काहीही काय!"

"अगं, बूट हातात घेतलेत. पहाटेची वेळ, घरच्यांची झोप मोडू नये म्हणून…"

"झोप मोडली तर ते जाऊ देणार नाहीत, म्हणून."

बाईंचा उजवा पाय जमिनीवर दाबला जात होता, त्यांच्या नकळत, कितीतरी वेळ. त्या पायाकडे त्यांनी पाहिलं आणि एकदम लक्षात आलं. वेग! कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी मशीनचा वेग दीडपट करून ठेवला होता. आवाज चिरका होत नाही, नुसता घाईत येतो. पुढे ते इतकं अंगवळणी पडलं की डॉक्टर तसेच बोलतात असं वाटायला लागलं. आणि पाकोळीही त्याच मशीनवर!

त्यांनी लेकीचं मनगट धरलं आणि गर्दीतून वाट काढत तिला पाण्याच्या नळांपाशी आणलं.

"अगं, मी ते दीडपट ऐकलंय."

"काय दीडपट?"

"सगळं. पाकोळी. ऑफिसच्या मशीनवर. डॉक्टरांच्या वेगाने."

लेकीला कळायला एक क्षण लागला. मग ती हसली. इतकी हसली की नळाला धरून वाकली. बाईही हसायला लागल्या, आणि त्या हसत असतानाच लेकीचं हसणं कुठे तरी विरलं.

"म्हणजे तुला कळलंच नव्हतं?"

"काय कळायचं होतं?"

"मला वाटलं, तुला सगळं कळलं आणि तू मुद्दाम हसण्यावारी नेलंस. धमाल म्हणालीस तू, आई. धमाल!"

"अगं, पण काय?"

लेकीने ओल्या हाताने तोंड पुसलं. "मला बाबाकडे राहायला जायचंय. तीन वर्षं. कॉलेज तिकडचं करावं म्हणते."

बाईंच्या कानात काही शिरेना. शब्द शिरले, पण बोटांना करायला काही नव्हतं, त्यामुळे ते आतच फिरत राहिले.

"म्हणजे मी झोपेत असताना तू चावी ठेवून…"

"छे गं! तसं जायचं असतं तर गाणं कशाला दिलं असतं? मला तोंडाने सांगताच येत नव्हतं."

"नको जाऊस," बाईंच्या तोंडून निघून गेलं. "म्हणजे जा. जायचं असेल तर. म्हणजे… मला काहीच समजत नाहीये, बाळा."

"मलाही नाही. परवा वाटत होतं जावं, आज इथे येताना वाटलं नको. तू गेटवर बाटलीसाठी भांडत होतीस ना, तेव्हा."

"मग इतके दिवस मूग गिळून का बसलीस?"

"तू नाचायला लागली होतीस म्हणून!"

बाईंना हसू आलं, आणि ते हसू आहे की दुसरं काही, याचाही पत्ता लागेना. त्यांनी नळ उगाचच उघडला आणि बंद केला. तिथे जेवणाचं काय करशील? कॉलेज घरापासून लांब आहे? झोपायला वेगळी खोली आहे का? त्या विचारत गेल्या. लेक सांगत गेली. अडखळत, मागे येत, मध्येच विषय सोडून मैत्रिणीचं काही तरी सांगत. त्यातलं निम्मं एकमेकांशी जुळत नव्हतं. जावं म्हणतेय की राहावं म्हणतेय, याचा बाईंना थांग लागेना, पण त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.

तेवढ्यात चमकी ओंजळीने पाणी प्यायला आली. "अहो काकू, इथे काय करताय? शेवटचं गाणं चाललंय!"

"हो हो, आलोच," दोघी म्हणाल्या, आणि जागच्या हलल्या नाहीत.

चमकी पळाली. बाईंनी घसा साफ केला. हा प्रश्न त्यांनी मघापासून मागे ठेवला होता.

"बाबा काय म्हणतो यावर?"

"त्याला अजून विचारलंच नाहीये," लेक म्हणाली. "आधी तुला सांगायचं होतं."