भिंगावर पडलेला भंडारा

सहावीत माझी शाळा सुटली ती मेंढरांमुळं. दिवाळी झाली की आमचा तळ कळपासंगं माणदेशातून कोकणाकडं हलायचा, आणि शाळा काही मागून यायची नाही. आता नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीमुळं जालन्यात आहे. माहेर वर्षातून एकदा दिसलं तर दिसलं. नवीन जालन्यातल्या एका संशोधन केंद्रात मी काचेची भांडी धुते, सूक्ष्मदर्शकाची खोली झाडते. मला "ताई" म्हणणारी ही पहिलीच नोकरी.

म्हणणाऱ्या आमच्या मॅडम, तिथल्या संशोधक. त्या मूळच्या हसनाबादच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला पडद्यापुढं बसवलं.

"ताई, ह्या गोल गोल जित्या पेशी. यांनी आपण टाकलेले मणी गिळलेत. धुळीहून बारीक. वरून उजेड मारला की एकेक मणी लेसर होऊन राह्यला, बघा. पडद्यावर प्रत्येकाच्या उजेडाच्या रेघा येगळ्या जागी. मंग हजारांत हीच ती पेशी, असं ओळखू येतं."

"मेंढराच्या पाठीवर रंगाची खूण करतो तसं," मी म्हणाले.

"बराबर! फक्त ही खूण बोलती बी. पेशीच्या आत काही बदललं की रेघ जराशी सरकती. तीच आपल्याला आतली खबर."

मला ते फार आवडलं. त्या दिवसापासून ती खोली मी देवघरासारखी पुसू लागले. घोटाळा झाला तो त्यातूनच.

खंडेनवमीला सगळीकडं हत्यारांची पूजा असते. मॅडम सुट्टीवर होत्या. आईनं बिरोबाच्या जत्रेतला हळदीचा भंडारा पाठवला होता, तो मी यंत्राच्या पायाला लावला आणि पेशींची काचेची थाळी ठेवतात तिथंही चिमूटभर वाहिला. या यंत्रानं मला भाकरी दिली, मग त्याला कोरडं कसं ठेवायचं? थाळीच्या जागेखाली भोक असतं आणि त्याखाली भिंग, हे ध्यानातच आलं नाही.

दसऱ्यानंतर मॅडमनी औषध दिलेल्या पेशी तपासायला घेतल्या. कित्येक दिवस जपलेल्या. पडद्यावर नुसतं हिरवट धुकं. त्यांनी दिवा बघितला, थाळी फिरवली.

"पेशी मेल्या का काय? टाकूनच द्याव्या लागतील."

मी एकच भांडं तिसऱ्यांदा धूत होते. नखात अजून पिवळं होतं. बोलले तर नोकरी जाईल. गप्प बसले तर जिवंत पेशी मोरीत जातील.

"मॅडम, भंडारा मी वाहिला. थाळीच्या जागी."

त्यांनी थाळी उचलली आणि वाकून खाली बघितलं.

"भिंगावर?"

"खाली भिंग आहे हे ध्यानात आलं नाही हो."

"अवो ताई, देवाला वाहायचं तर देवाच्या डोळ्यात टाकत्यात का?"

हसल्या की रागावल्या, कळेना. त्यांनी जरासा भंडारा वेगळ्या काचेवर घेतला आणि उजेडाखाली धरला. तो हिरवा-पिवळा झळाळला.

"हळद उजेड देती, हे वाचलं व्हतं. आज बघितलं." मग त्यांनी पेशींच्या उजेडाचा आलेख काढला. "हा पसरट फुगा हळदीचा. आणि याच्यावर ह्या सुया उभ्या दिसून राह्यल्या ना? ह्या आपल्या मण्यांच्या. हळदीचा उजेड पसरतो, लेसरचा न्हाई पसरत. अन् ह्या सुया जराजरा सरकून बी राह्यल्या, म्हंजी पेशी जित्या हायेत, ताई."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

सकाळी यंत्रानं काढलेली चित्रं मात्र वाया गेली. भिंग पुसायला दुपार झाली, आणि ते त्यांनी मला पुसू दिलं नाही. ते मनाला लागलं. पण हक्कानं बोलायला तोंड कुठं होतं मला?

संध्याकाळी मी खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि पिशवी उचलली.

"किल्ली कुठं ठेवून चालल्या?"

"उद्या येऊ का, मॅडम?"

"मंग खोली कोण उघडणार? आठला या. पुढच्या खंडेनवमीला दाराच्या चौकटीला लावा, आत बिलकुल न्हाई."

किल्ली मी मुठीत घट्ट धरून घरी आणली. अजूनही रोज सकाळी कुलूप उघडण्याआधी मी दोन्ही हातांची नखं बघते.